मागे कोणी जायचं नाही

माझ्या लग्नात मी रुसलो होतो. त्यात विशेष काही नाही. आमच्या वऱ्हाडात नवरदेवानं पंगतीत रुसायचंच असतं. त्यानं हात आखडून बसायचं, सासरच्यांनी विनवण्या करायच्या, मग घड्याळ किंवा सायकल किंवा निदान अंगठी पुढे येते, नवरदेव घास उचलतो आणि पंगत सुरू होते. मी रुसलो, घड्याळ आलं, मी ते मनगटावर बांधलं, आणि तरीही घास उचलला नाही. सासरे गोंधळले. कोणी म्हणालं, जावयाला सायकल पाहिजे असेल. सायकल कबूल झाली. माझे हात आखडलेलेच. वरण गार झालं, वऱ्हाडी चुळबुळ करू लागले, माझे सख्खे काका मागून चिमटे काढू लागले. मला काय हवं होतं ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आता येतं. मला घड्याळ नको होतं आणि सायकलही नको होती. ‘खा ना हो’ असं कोणीतरी म्हणत राहावं आणि ते म्हणणं कधी थांबू नये, एवढंच हवं होतं.

शेवटी शेजारी बसलेली नवरी पदराआडून हळूच म्हणाली, “जेवा आता. मले भूक लागली.”

आमच्या संसारातलं हे पहिलं संभाषण. मी जेवलो. पण ती मला नुसती ‘जेवा’ म्हणाली, ‘जेवा ना’ म्हणाली नाही, हे मी पुढची कित्येक वर्षं तिला ऐकवत होतो.

तेव्हा मी नांदुरा स्टेशनवर तिकीटबाबू होतो. महाराष्ट्र होऊन दशकभर उलटलं असेल नसेल. आपल्याला सगळे सोडून जातील ही ज्याची जन्माची भीती, त्याच्या नशिबी नेमकी तिकिटं विकायची नोकरी आली. माझ्यासमोर जो यायचा तो कुठंतरी निघून जाण्यासाठीच यायचा. कापसाचे दलाल, धान्याचे व्यापारी, लग्नाला निघालेली बिऱ्हाडं, सगळी माझ्या हातून तिकीट घेऊन मला पाठ दाखवायची. यांचं मी काही मनावर घेत नसे, इतपत शहाणपण होतं. पण एखादा ओळखीचा माणूस माझी खिडकी सोडून शेजारच्या खिडकीवर गेला, की मी दिवसभर धुमसत असे. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला की त्याच्याइतका देवमाणूस तालुक्यात नसे.

बाहेर हे असं, तर घरी काय असेल याची कल्पना करा. बायको शेजारणीकडे विरजण आणायला जाई आणि गप्पांत जरा रमे. तेवढ्यात माझ्या मनात ती मला कायमची सोडून गेलेली असे. ती परत आली की मी भांडं आपटायचो, नाही नाही ते बोलायचो, मग तिच्या पायाशी बसून रडायचो, मग तिच्यासारखी बायको त्रिभुवनात नाही असं सांगत बाजारातून गजरा आणायचो. हे सगळं एका संध्याकाळात. लिहिताना हसू येतं, पण त्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. लोकांना वाटायचं हा माणूस तापट आहे. मी तापट नव्हतो, मी घाबरलेला होतो. ती दाराबाहेर गेली की आतून सगळं रिकामं व्हायचं आणि ती परत येईल हे मला आठवायचंच नाही. मग मी मरण्याच्या गोष्टी करायचो, आणि त्या घटकेला त्या खऱ्याच असायच्या.

तिचं माहेर जानेफळ, मेहकर तालुक्यातलं. भाजीपाला आणि कापूस-ज्वारी करणारं घर. एकदा तिकडून एसटीनं परत येताना ती शेजारच्या बाईशी बोलत बसली आणि माझ्या एका प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. मी घंटीची दोरी ओढली आणि एका फाट्यावर सरळ उतरलो. त्या फाट्यावर एक बाभळीचं झाड आणि एक गाढव, एवढीच वस्ती. ती बिचारी धावपळ करून ट्रंकेसकट खाली उतरली. पुढची बस येईपर्यंत ती ट्रंकेवर बसून होती आणि मी गाढवाकडे तोंड करून उभा होतो. ती मनवत होती, मी मान हलवत होतो. आतून मात्र मी इतका सुखात होतो की सांगता सोय नाही.

म्हणून एके दिवशी ती गेली. भांडून नाही. शांतपणे ट्रंक भरली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “मले तुमचा राग नाई येत. मले दम लागते. तुमी रुसता, मी मनवते. मनवलं नाई त तुमी मराच्या गोष्टी करता. माह्या आंगात आता तेवढा दम नाई राह्यला.”

“मंग मी काय करू?” मी विचारलं.

“एकडाव तरी असं करून दाखवा. रुसून जा, अन् कोनी न बोलावता वापस या. मंग मी येते.”

इतकी सोपी अट आजवर कोणी कोणाला घातली नसेल. मी दोन घास कमी खाईन, विडी सोडीन, तिच्या बापाच्या वावरात निंदण करीन, पण हे कसं करायचं असतं ते मला खरोखर माहीत नव्हतं.

त्याच सुमाराला डॉक्टर भेटले, तेही माझ्या स्वभावाच्याच कृपेनं. अकोल्याला मनाचे आजार बघणारे एक डॉक्टर होते. त्यांच्या सासऱ्यांची नांदुऱ्यात कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढायची जिनिंग होती, म्हणून रविवारी त्यांची इकडे फेरी असे. दर वेळी ते परतीचं तिकीट माझ्याकडून घेत. एकदा माझ्या खिडकीवर रांग होती म्हणून शेजारच्या खिडकीवर गेले. पुढच्या रविवारी माझ्यासमोर आले, तेव्हा मी त्यांना सुटे नाहीत म्हणून झापलं, गाडी उशिरा आहे म्हणून झापलं आणि अकोल्याच्या लोकांना रीतभातच नाही हेही सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “मागच्या वेळी मी दुसऱ्या खिडकीवर गेलो, त्याचं वाईट वाटलं का तुम्हाला?”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रांगेतली माणसं बघत होती. मी त्यांच्या तिकिटावर शिक्का मारला तो अर्धा माझ्या अंगठ्यावर बसला. डॉक्टर म्हणाले, “रविवारी जिनमध्ये या. तुमच्यासारखी आणखी तीन माणसं येतात.”

माझ्यासारखं जगात आणखी कोणी आहे, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तीन? म्हणजे डॉक्टर आधीच तिघांचे झाले होते.

रविवारी जिन बंद असे. वजनकाट्याशेजारच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असे आणि तिच्यावर आम्ही गोल करून बसायचो. एक होते टेलरमास्तर, बाजारातल्या मशिदीजवळ दुकान असलेले, पन्नाशीचे. गिऱ्हाईक दुसऱ्या टेलरकडे गेलं की ते त्याचा अर्धवट शिवलेला सदरा उसवून टाकत. एक होत्या मराठी शाळेतल्या बाई. वर्गात त्यांचा दरारा होता आणि उजव्या मनगटावर बांगड्यांआड नेहमी एक पट्टी असे. ती कशाची हे पहिल्या दिवशी मला कळलं नाही, दुसऱ्या रविवारी कळलं, आणि त्यानंतर मी कधी तिकडे टक लावून बघितलं नाही. तिसरे संग्रामपूरकडचे एक भाऊ, केळीची बाग असलेले. आडदांड गडी, पण भावजय त्यांना सोडून दुसऱ्याला आधी वाढते एवढं सांगतानाही ते हमसून रडायचे.

पहिल्याच दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, मला झालंय तरी काय. ते म्हणाले, विलायतेत याला एक शब्द काढलाय, बॉर्डरलाइन, म्हणजे सीमेवरची माणसं. वेडी नव्हेत, पण भावनेला आवर नाही. कोणी जवळ आलं की गुदमरतात आणि लांब गेलं की जीव नकोसा होतो. ज्याला आज डोक्यावर घेतात त्याला उद्या पायाखाली घालतात.

भाऊंनी डोळे पुसले आणि म्हणाले, “म्हंजे धुऱ्यावरचे. ना या वावरात, ना त्या वावरात.”

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. डॉक्टर खूश झाले आणि तेव्हापासून तेही आम्हाला धुऱ्यावरचे म्हणू लागले. मी मनातून चरफडलो. मला आयुष्यात पहिल्यांदा चांगलं भारदस्त इंग्रजी दुखणं मिळालं होतं, आणि या माणसानं त्याचा तासाभरात धुरा करून टाकला. आता माझी भाची मोबाइलवर वाचून मला तोच शब्द पूर्ण नावानिशी ऐकवते, आणि मला मात्र भाऊंचा धुराच आठवतो.

इथं औषध एकच होतं, बोलायचं आणि ऐकायचं. बोलणं जमत होतं. ऐकणं म्हणजे संकट, कारण दुसरा बोलत असताना डॉक्टर त्याच्याकडे बघत. डॉक्टरांची नजर कोणावर जास्त वेळ राहिली याच्यावर आम्हा चौघांचं बारीक लक्ष असे. मास्तरांनी न मागता डॉक्टरांना सदरा शिवून आणला. बाईंनी चिवडा आणला. भाऊंनी केळ्यांचा घडच आणला. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून मी त्यांना सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ म्हणून दाखवल्या. कोण जास्त दुःखी यावर तर आमची चढाओढ चाले. भाऊ रडले की मी त्यांच्याहून मोठ्यानं रडायचा प्रयत्न करी, पण त्या गड्याच्या छातीपुढे माझा टिकाव लागत नसे.

आणि एक नियम होता. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, “इथून कधीही उठून जा. मागे कोणी जायचं नाही, आणि मीही येणार नाही. परत यायचं तर विचारायची गरज नाही. तुमची जागा तुमचीच आहे.”

हा नियम ऐकून मला पहिला संशय आला, की माझ्या बायकोनं या माणसाला फितवलं आहे. दुसरा विचार आला, की मागे कोणी येणारच नसेल तर उठून जाण्यात अर्थ काय? तोच विचार बाकी तिघांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

तरी आम्ही उठून जायचो. सवयच ती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फाटकाच्या भिंतीआड उभा राहिलो आणि कोणी येतंय का म्हणून कान टवकारले. कोणी येईना. मग मी खोकलो. आधी साधं, मग जरा खानदानी, क्षयाच्या वळणावर जाणारं. तरी कोणी येईना. शेवटी एक बैल माझ्याकडे बघू लागला तेव्हा मी लाजून आत आलो. माझी जागा मोकळी होती. मास्तर सांगत होते ते सांगत राहिले आणि मला एवढा अपमान वाटला की मी लगेच दुसऱ्यांदा उठून गेलो.

सगळंच असं हसण्यावारी नव्हतं. एका रविवारी बाई एवढंच म्हणाल्या, “काल संध्याकाळी लय वाईट वाटत होतं. तरी मी काही केलं नाई. पोळ्या केल्या.” त्यांच्या मनगटावर नवी पट्टी नव्हती, आम्हा सगळ्यांना कळलं. मास्तरांनी टाळी वाजवायला हात वर केले, मग त्यांना वाटलं बरं दिसत नाही, म्हणून ते हात तसेच डोळ्यांवर ठेवून बसले. त्या दिवशी डॉक्टर कोणाकडे बघतात हे मी बघायचं विसरलो.

मग तो रविवार आला. थंडीचे दिवस, कापसाचा हंगाम. जिनच्या आवारात कापसाच्या पांढऱ्या गंज्या आणि सरकीचे ढीग लागलेले होते. डॉक्टरांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, की पत्नीचं ऑपरेशन आहे आणि महिनाभर त्यांना नांदुऱ्याला येता येणार नाही.

मास्तर आधी उठले. “वा डॉक्टरसाब. मंग आमी काय मेलो का इथी?” आणि गेले. बाई पर्स उचलून एक शब्दही न बोलता गेल्या. भाऊ रडत उठले आणि रडतच गेले. उरलो मी. माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. कोणाच्या बायकोचं ऑपरेशन आहे हे माझ्या मनात आलंच नाही. माझ्या मनात आलं, चला, आता डॉक्टर माझे एकट्याचे. डॉक्टर हसून म्हणाले, “तुम्ही थांबलात. छान.” त्या ‘छान’मध्ये मला कौतुक कमी आणि समजूत जास्त वाटली. मीही उठून गेलो.

सरकीच्या ढिगामागे जाऊन बसलो आणि वाट बघू लागलो. नियम होता खरा, पण आज एवढा मोठा घाव घातल्यावर डॉक्टर येतीलच, असा मला विश्वास होता. बराच वेळ गेला. मी खोकलो. पलीकडच्या गंजीमागून कोणीतरी खोकलं. मला वाटलं पडसाद असेल. मी पुन्हा खोकलो. पुन्हा तिकडून खोकला आला, आणि तो माझ्याहून जास्त दुःखी होता. विहिरीकडच्या गंजीमागून बांगड्या वाजल्या, उगीचच, जरा जोरात. मग तिसऱ्या ढिगामागून प्रचंड शिंक आली. कापसाचे तंतू भाऊंच्या नाकात गेले होते.

मी ढिगावरून डोकं वर काढलं. समोरच्या गंजीवरून मास्तरांची टोपी वर आली. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“काऊन बे बाबू, तू कोनाची वाट पाहून राह्यला?” मास्तरांनी विचारलं.

“तुमी कोनाची पाहून राह्यले?”

आम्ही चौघं रुसून चार ढिगांमागे बसलो होतो, प्रत्येकजण मनवणाऱ्याची वाट बघत होता, आणि मनवायला येऊ शकेल असं प्रत्येक माणूस स्वतःच रुसून ढिगामागे होता. भाऊ आधी हसले. त्यांचं हसणंही रडण्यासारखंच, अंगभर. मग बाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. केसांत, पदरात, टोपीवर कापूस चिकटलेली आमची ती वरात पाहून कोणालाही वाटलं असतं की आम्ही गादीतून बाहेर पडलोय.

मग एकदम बाईंचं हसू थांबलं. “अन् डॉक्टर?” त्या म्हणाल्या. “ते एकटेच राह्यले.”

आम्हाला आता डॉक्टरांची काळजी वाटू लागली. चौघंही एकदम टाकून गेले, केवढा धक्का बसला असेल माणसाला! पाय न वाजवता आम्ही खोलीशी गेलो. डॉक्टर सतरंजीवर आडवे झाले होते, चष्मा छातीवर ठेवून, आणि घोरत होते. पहाटेची गाडी पकडून आलेला माणूस, घरात आजारपण, झोप कधी मिळाली असेल कोण जाणे. आम्ही त्यांच्या भोवती आपापल्या जागेवर बसलो. कोणी त्यांना उठवलं नाही. मी जन्मात पहिल्यांदा असा कोणाच्या तरी जवळ बसलो होतो, की ज्याचं माझ्याकडे मुळीच लक्ष नव्हतं, आणि मला काही होत नव्हतं. बऱ्याच वेळानं ते जागे झाले, चष्मा लावला, चार चेहऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “आलात? मग बसू या.” बाईंनी विचारलं, “तुमच्या मिसेसले काय झालं?” तो तास आम्ही त्यांचं ऐकलं.

डॉक्टर नव्हते तो महिना आम्ही चौघंच जमलो. तेव्हा माझ्या बायकोचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, जानेफळला जा. मी म्हणालो, मले भेव वाटते. मग तालीम ठरली. भाऊ सासरे झाले. मास्तरांनी बाईंची शाल डोक्यावरून घेतली आणि ते माझी बायको झाले. मी दारातून आलो. भाऊ म्हणाले, या जावाईबापू. मास्तर मात्र शालीत तोंड फिरवून बसले, माझ्याकडे बघेचनात. मी एवढा दुखावलो की तालीम सोडून गेलो. फाटकापाशी पोचल्यावर लक्षात आलं, की मी एका दाढीवाल्या टेलरवर रुसलोय. परत आलो. मास्तर शाल सावरत म्हणाले, “आले का? भाकरी गरम हाये.”

जानेफळला मी एका दुपारी पोचलो. घरात पंगतीची तयारी होती, कारण धाकट्या मेहुणीचा नवरा पहिल्यांदाच मुक्कामाला आलेला. नवा जावई. त्याला रांगोळीचं पान, त्याच्यापुढे उदबत्ती. थोरला जावई मी, आणि मला पान मांडलं ते मेहुण्याच्या शेजारी, खांबाच्या आड. बायको आतबाहेर करत होती. तिनं मला पाणी दिलं आणि नुसतं “आले?” म्हणाली. सासऱ्यांनी पहिली पुरणपोळी नव्या जावयाला वाढायला सांगितली.

मी उठलो, खुंटीवरची पिशवी घेतली आणि निघून गेलो.

स्टँडवर जाऊन उभा राहिलो. मनातल्या मनात मी सासऱ्यांना, त्या पोरसवदा जावयाला आणि त्या खांबाला सुद्धा शिव्या घातल्या. मग कान टवकारले. मेहुणा धावत येईल, नाहीतर सासरे स्वतः. कोणी येत नव्हतं. आणि मी खोकलो.

रिकाम्या स्टँडवर, भर दुपारी, खानदानी खोकला. तो माझ्याच कानांवर पडला आणि मला सरकीचा ढीग आठवला, मास्तरांची कापूस लागलेली टोपी आठवली, आणि मी एकटाच फिस्सकन हसलो. तेवढ्यात खामगावकडे जाणारी बस आली. कंडक्टरनं विचारलं, “येता काय?” मला चढायचं होतं. अगदी मनापासून चढायचं होतं. चढलो असतो तर संध्याकाळपर्यंत मी जगातला सर्वांत दुःखी माणूस झालो असतो, आणि त्या पदावर मी चांगला रुळलो होतो. मी मान हलवली. बस गेली. घराकडे परतताना पाय इतके जड झाले होते की वाटेत दोनदा उगीचच चपलेचा अंगठा नीट केला.

ओसरीवर पंगत चालू होती. सासऱ्यांनी मान वर केली आणि विचारलं, “काऊन जावाईबापू, पोट बिघडलं काय?”

मी रुसलो होतो हे कोणालाच कळलं नव्हतं! माझ्या आयुष्यातला हा एवढा मोठा पराक्रम, आणि घरच्यांच्या लेखी मी परसाकडे जाऊन आलो होतो. मी “हाव” म्हणालो आणि खांबाआड माझ्या पानावर बसलो. बायको वाढायला आली. तिनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. परसाकडे जाताना कोणी पिशवी नेत नाही, हे घरात तिला एकटीलाच सुचलं.

“कुठवर गेले होते?” तिनं वाकून, हळूच विचारलं.

“स्टँडवर.”

“कोन आनाले आलं होतं?”

“कोनीच नाई.”

तिनं पोळीवर तूप वाढलं, जरा जास्तच वाढलं, आणि पुढच्या पानाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर तिची ट्रंक होती. स्टँडवर बस आली तेव्हा पायरीवर पाय ठेवता ठेवता ती म्हणाली, “तुमी मधात कुठं उतरले, त मी उतरनार नाई. आताच सांगून ठेवते.”

मी खिडकीची जागा धरली आणि ठरवलं, नांदुरा येईपर्यंत जागचं हलायचं नाही. वाटेत तो बाभळीचा फाटा गेला. गाढव नव्हतं. खामगावला बस बराच वेळ थांबते, कंडक्टर नोंद करायला जातो. मला चहाची तलफ आली होती, पण उतरलो आणि तिला काही भलतंच वाटलं तर? मी बसून राहिलो. तेव्हा तीच उठली. “बसा, मी आलीच,” म्हणाली आणि उतरली.

तिचं हिरवं लुगडं गर्दीत दिसलं, मग दिसेनासं झालं. ट्रंक टपावर होती, पण माणूस ट्रंक टाकूनही जाऊ शकतो, हे मला बसल्या जागी पटलं. तिला मेहकरकडची बस मिळाली असेल. तिनं माझी परीक्षा घेतली आणि आता तिचं मन बदललं असेल. कंडक्टर आला, ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं. मला दोन गोष्टी येत होत्या, धावत सुटणं आणि तोंड फिरवून बसणं. तिसरी गोष्ट मी त्या दिवशी केली. घसा साफ केला, खोकण्यासाठी नव्हे, आणि म्हणालो, “थांबा भाऊ. मानूस खाली हाये.”

“कोन राह्यलं?” कंडक्टरनं विचारलं.

“माही बायको.”

“येतात का पन त्या? का पाहाले जाता?”

“येते,” मी म्हणालो आणि जागेवर बसून राहिलो. आवाज आपलाच आहे यावर माझा विश्वास बसला नाही.

ती आली. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात दुसरा, गर्दीतून वाट काढत, सांडू नये म्हणून हळूहळू. चालू इंजिनाकडे एकदा बघितलं, मग खिडकीपाशी येऊन तिनं कप माझ्याकडे वर धरला आणि हसत विचारलं, “काय हो, मले सोडून चालले होते काय?”

लग्न झाल्यापासून हा प्रश्न मीच तिला विचारत आलो होतो. मी “नाई” म्हणालो आणि कप घेतला. चहा पार गार झाला होता, तरी मी तो सगळा प्यायलो.